स्थावर मालमत्तेच्या व्यवसायात व्यापारचिन्हाच्या रंगाची निवड

‘घर पाहावे बांधून’ ही जुनी म्हण घर स्वतः बांधणाऱ्याच्या हालांविषयी आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील बहुसंख्य कुटुंबे आज घर बांधीत नाहीत. ती दुसऱ्याने बांधलेले, आणि पुष्कळदा अद्याप बांधावयाचे असलेले, घर विकत घेतात. साबण, चहा किंवा कापड यांच्या बाबतीत एका खरेदीचा अनुभव पुढील खरेदीस उपयोगी पडतो. घराची खरेदी सर्वसाधारण कुटुंबात एकदा, फार तर दोनदा होते. त्यामुळे अनुभवाने शहाणे होण्याची सोय येथे जवळजवळ नाही. बांधकाम चालू असलेल्या इमारतीतील सदनिकेच्या करारनाम्यावर सही होते त्या दिवशी ग्राहकापुढे वस्तू नसते, वस्तूची चिन्हे असतात. रस्त्यावरील फलक, माहितीपुस्तिका, नमुना सदनिका, विक्री-कार्यालयाची सजावट, दलालाचे ओळखपत्र ही ती चिन्हे होत. आणि या सर्वांतून सारखी वाहणारी गोष्ट म्हणजे रंग. या व्यवसायात रंगाची निवड हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही, तो यामुळे.

या निवडीविषयी जाहिरातक्षेत्रात प्रचलित असलेला सिद्धांत सोपा आहे. निळा म्हणजे विश्वास, हिरवा म्हणजे निसर्ग, सोनेरी म्हणजे वैभव, तांबडा म्हणजे उत्साह, काळा म्हणजे उंची अभिरुची, असे एक कोष्टक सर्वत्र वापरले जाते. व्यवसायास जो गुण मिरवावयाचा असेल त्याच्यासमोरील रंग उचलावा, की काम झाले. या कोष्टकात तथ्य मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. लॅब्रेक व मिल्न यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निळ्या रंगाचा संबंध कार्यक्षमतेशी आणि तांबड्याचा उत्साहाशी जोडला जातो असे दिसून आले. तत्पूर्वी, २००६ साली, बॉटमली व डॉयल यांनी असे दाखविले होते की उपयुक्ततेसाठी घेतल्या जाणाऱ्या वस्तूंच्या बोधचिन्हास निळा रंग अधिक शोभून दिसतो, तर इंद्रियसुख वा सामाजिक मिरवणूक ज्यांत आहे अशा वस्तूंना तांबडा अधिक शोभतो. परंतु या दुसऱ्या निष्कर्षानेच घराचा प्रश्न सुटण्याऐवजी गुंतागुंतीचा होतो. घर हे निवाऱ्याचे साधन आहे, कर्जाचे तारण आहे, नातेवाइकांसमोर मिरवावयाची प्रतिष्ठा आहे आणि मुलांसाठी ठेवावयाची ठेव आहे. ते उपयुक्ततेच्या कोणत्या कप्प्यात घालावयाचे, हे कोष्टक सांगत नाही.

कोष्टकातील खरा दोष मात्र मानसशास्त्रीय नसून तार्किक आहे. निळा म्हणजे विश्वास ही गोष्ट सर्वांनाच ठाऊक असेल, तर विश्वास हवा असणारा प्रत्येक विक्रेता निळाच घेणार; आणि सर्वांनी निळा घेतल्यावर निळ्यावरून कोणाचीच ओळख पटेनाशी होते. प्रत्यक्षात झालेही तसेच आहे. अमेरिकेतील कोल्डवेल बँकर ही १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोत स्थापन झालेली जुनी संस्था, सदबीज इंटरनॅशनल रिअॅल्टी हे श्रीमंती घरांच्या विक्रीतील नाव, झिलो हे घरांच्या माहितीचे संकेतस्थळ आणि आपल्याकडील नाइन्टीनाइन एकर्स, या सर्वांनी निळ्याच्या कोणत्या ना कोणत्या छटेचा आश्रय केला आहे. लबाड विक्रेत्यासही निळा रंग त्याच भावात मिळतो. ज्या चिन्हाचा खर्च प्रामाणिकास व अप्रामाणिकास सारखाच पडतो, ते चिन्ह प्रामाणिकपणाचा पुरावा होऊ शकत नाही. ही गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास वेगळी सांगावयास नको.

मग रंगाचे कार्य कोणते? ते प्रथमतः ओळख पटविण्याचे आहे, भावना जागविण्याचे नंतर. हेडविग फॉन रेस्टोर्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९३३ साली असे दाखविले की एकसारख्या वस्तूंच्या मालिकेत वेगळी पडलेली वस्तू अधिक स्मरणात राहते. येथे महत्त्व वस्तूच्या अंगच्या गुणास नसून शेजारच्या वस्तूंपासून असलेल्या तिच्या अंतरास आहे. जेनी रोमानिउक यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात व्यापारी चिन्हांच्या मूल्यमापनासाठी दोन मापे सुचविली आहेत. चिन्ह पाहून किती लोकांना ती संस्था आठवते, हे पहिले. आणि किती लोकांना केवळ तीच संस्था आठवते, हे दुसरे. रंगाच्या बाबतीत दुसऱ्या कसोटीस उतरणे फार कठीण असते, कारण रंग मोजके आहेत आणि विक्रेते अगणित.

या दृष्टीने तीन उदाहरणे उद्बोधक आहेत. पहिले सेंच्युरी ट्वेंटीवन या संस्थेचे. १९७१ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही संस्था स्वतः घरे विकत नसे. लहान लहान स्वतंत्र दलाली कार्यालयांना ती आपले नाव वापरण्याचा परवाना देई. ही कार्यालये निरनिराळ्या मालकांची, निरनिराळ्या गावांतील, आणि कालपर्यंत निरनिराळ्या नावांनी चालणारी होती. त्यांना एक दाखविणारे साधन म्हणून दलालांच्या अंगावर सोनेरी कोट आला. कोटाच्या रंगाने वैभव सूचित होत असेल किंवा नसेल. त्याने केलेले मुख्य काम असे की एका गावातील कोट पाहिलेल्या माणसास दुसऱ्या गावातील कोट परका वाटेनासा झाला. याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. एका कार्यालयाने केलेल्या फसवणुकीचा डाग त्याच कोटामुळे सर्व कार्यालयांना लागतो. समान रंग म्हणजे समान उत्तरदायित्व. म्हणूनच अशा व्यवस्थेत परवाना देणाऱ्या संस्थेला परवानाधारकांच्या वर्तनावर देखरेख ठेवणे भाग पडते. २०१८ साली या संस्थेने आपल्या चिन्हाची मांडणी पार बदलली, तरी सोनेरी रंगाचा वारसा सोडला नाही.

दुसरे उदाहरण रीमॅक्सचे. १९७३ साली डेन्व्हर येथे स्थापन झालेल्या या संस्थेने एका रंगावर हक्क सांगण्याचा मोह टाळला आणि रंगांचा क्रम आपलासा केला: वर तांबडा, मध्ये पांढरा, खाली निळा. हे तीन रंग अमेरिकेच्या ध्वजातच असल्याने त्यांत नावीन्य काही नव्हते. नावीन्य पट्ट्यांच्या रचनेत होते. १९७८ पासून याच पट्ट्यांचा गरम हवेचा फुगा आकाशात उडू लागला आणि अंगणातील फलक व आकाशातील फुगा एकमेकांची आठवण करून देऊ लागले. सामान्य रंगांपासून असामान्य चिन्ह कसे घडते, याचे याहून स्वच्छ उदाहरण या व्यवसायात सापडणे कठीण.

तिसरे उदाहरण इंग्लंडमधील पर्पलब्रिक्सचे. ‘जांभळ्या विटा’ असा अर्थ असलेल्या या नावातच रंग गोवलेला आहे. २०१२ साली स्थापन होऊन २०१४ पासून प्रत्यक्ष सेवा देऊ लागलेल्या या संस्थेने विक्रीमूल्याच्या टक्केवारीऐवजी ठराविक शुल्क घेण्याची पद्धत ठेवली. इंग्लंडच्या निवासी रस्त्यांवर दलालांच्या पाट्या घरापुढे खांबावर लावतात. त्या गर्दीत तिची जांभळी पाटी लांबून ओळखू येई. भेदाच्या कसोटीवर ही निवड जवळजवळ निर्दोष म्हणावी लागेल. तथापि संस्थेने ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतून २०१९ साली काढता पाय घेतला आणि २०२३ साली मूळ व्यवसाय स्ट्राइक या प्रतिस्पर्धी संस्थेस नाममात्र एका पौंडास विकला गेला. विकत घेणाऱ्याने नाव मात्र टाकून दिले नाही. जांभळ्या विटा चालूच राहिल्या. यातून रंगाची शक्ती व मर्यादा एकाच वेळी दिसतात. रंगाने संस्था लोकांच्या ध्यानात ठेवली. व्यवहाराचे गणित मात्र तो सुधारू शकला नाही.

आतापर्यंतचे विवेचन रंग म्हणजे जणू एक स्थिर वस्तू आहे असे मानून चालले आहे. वस्तुतः रंग हा प्रकाश, पृष्ठभाग आणि डोळा यांच्या संयोगाने घडतो, आणि या व्यवसायात तो उन्हापावसात घडतो. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेले शेवरल यांच्याकडे काळा रंग पुरेसा काळा उतरत नाही अशी तक्रार आली, तेव्हा दोष रंगद्रव्यात नसून शेजारच्या रंगांत आहे असे त्यांना आढळले. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांचा भेद वाढवितात, हा त्यांचा नियम १८३९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याचा उपयोग फलकाच्या बाबतीत सरळ आहे. कार्यालयातील पांढऱ्या कागदावर पसंत केलेला फिकट निळा आकाशाच्या पार्श्वभूमीवर पाण्यासारखा दिसतो. विटकरी रंगाचे चिन्ह विटांच्या भिंतीवर हरवून जाते. रंगाचा नमुना जेथे पुढे वापरावयाचा तेथेच उभा करून पाहिल्याखेरीज त्याविषयी मत देणे व्यर्थ होय.

संध्याकाळ हीही एक कसोटी आहे. मंद प्रकाशात तांबडा रंग काळवंडतो आणि निळे-हिरवे रंग तुलनेने उजळ दिसू लागतात. पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने १८२५ च्या सुमारास नोंदविलेली ही गोष्ट दिवे नसलेल्या फलकाच्या बाबतीत कोणासही पडताळून पाहता येते. कामावरून परतणारा ग्राहक फलक पाहतो तो बहुधा याच वेळी. ऊन तर याहून निर्दय आहे. छपाईच्या चार शाईंपैकी किरमिजी व पिवळी या लवकर उडतात, निळी व काळी टिकतात. म्हणून दोन उन्हाळे पाहिलेल्या फलकावरील हसरे कुटुंब निळसर, आजारी दिसू लागते. रखडलेल्या बांधकामाची ती एक अनपेक्षित जाहिरातच म्हणावयाची. ज्या व्यवसायात एका इमारतीचे काम कित्येक वर्षे चालते, तेथे टिकाऊ शाईचा विचार सौंदर्याच्या आधी करावा लागतो.

सोनेरी रंगाचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडील महागड्या गृहप्रकल्पांत त्याचा मोह फार. सोने सोनेरी दिसते ते चकाकीमुळे. साध्या शाईत किंवा पडद्यावर चकाकी नाहीशी होते आणि उरतो तो मातकट पिवळा. अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजेडातील भेद मोजण्याचे एक गुणोत्तर संकेतस्थळांच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत दिलेले आहे. सामान्य आकाराच्या मजकुरासाठी ते किमान ४.५ असावे अशी त्यांतील मध्यम पातळीची अपेक्षा आहे. तांबडा २१२, हिरवा १७५ व निळा ५५ या प्रमाणातील नेहमीचा सोनेरी रंग पांढऱ्यावर घेतल्यास हे गुणोत्तर सुमारे २.१ भरते, काळ्यावर घेतल्यास सुमारे १०. म्हणजे पांढऱ्या कागदावरील सोनेरी अक्षरे तरुणासही कष्टाने वाचता येतात, आणि आयुष्यभराची पुंजी घालणारा निवृत्त ग्राहक ती वाचीतच नाही. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण अशा पुस्तिकांकडे पाहून आठवल्यास नवल नाही. रंगांधत्वाचाही विचार याच ठिकाणी येतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत तांबडा-हिरवा भेद नीट न ओळखणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ८ टक्के असते; भारतीय समाजांत ते त्याहून कमी आढळते, तरी नगण्य नाही. विकलेल्या सदनिका तांबड्या व शिल्लक सदनिका हिरव्या दाखविणारा तक्ता अशा ग्राहकाच्या काहीच उपयोगाचा नाही.

पामर व श्लॉस यांनी २०१० साली मांडलेली उपपत्ती येथे सामाजिक अंगाने उपयोगी पडते. माणसास एखादा रंग आवडतो तो त्या रंगाच्या वस्तू त्यास प्रिय असतात म्हणून, असे तिचे सार आहे. हे मान्य केले तर रंगाचा अर्थ कोष्टकात शोधण्यापेक्षा गावात शोधणे श्रेयस्कर. महाराष्ट्रात भगवा, निळा व हिरवा हे रंग पंथ, चळवळ आणि पक्ष यांच्या झेंड्यांतून लोकांच्या मनात रुजलेले आहेत. भगव्यामागे वारकऱ्यांची पताका आहे, शिवकाळाची स्मृती आहे आणि अलीकडचे राजकारणही आहे, निळ्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीचा इतिहास आहे. हिरव्याचा एक अर्थ शेतीचा आणि दुसरा इस्लामी परंपरेचा आहे. हळदीचा पिवळा जेजुरीच्या भंडाऱ्याची आठवण देतो. पांढरा एकीकडे स्वच्छता सुचवितो, दुसरीकडे शोक. या अर्थांतून कोणताही विक्रेता पूर्णपणे सुटू शकत नाही, आणि सुटण्याची गरजही नाही. साध्या निळ्या पाटीकडे पाहून कोणी चळवळीचा विचार करीत नाही. पण विशिष्ट छटा, विशिष्ट आकार आणि विशिष्ट प्रतिमा एकत्र आल्या की संकेत स्पष्ट होतो. घराच्या व्यवहारात अशा संकेतास वेगळेच वजन आहे. आपल्या शहरांत जात, धर्म वा आहार पाहून घर नाकारल्याच्या कहाण्या अपरिचित नाहीत. येथे कोण राहावे व कोण राहू नये, हे जेव्हा उघड बोलता येत नाही, तेव्हा ते चिन्हांतून बोलले जाण्याचा संभव असतो. सर्वांसाठी दार उघडे ठेवू इच्छिणाऱ्या व्यावसायिकाने आपल्या रंगसंगतीचे नमुने निरनिराळ्या वस्त्यांतील माणसांना दाखवून त्यांना काय सुचते ते ऐकणे, हा त्यावरील साधा उपाय होय. अभिकल्पकाच्या खोलीत एकाच समाजाची माणसे असतील तर ही गोष्ट तेथे कधीच ध्यानात येत नाही.

कायद्याने रंगास किती संरक्षण मिळते, हा यापुढील प्रश्न. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली क्वालिटेक्स प्रकरणात, इस्त्रीच्या गाद्यांच्या हिरवट-सोनेरी रंगाबाबत निर्णय देताना, एकटा रंगही व्यापारचिन्ह होऊ शकतो असे मान्य केले. युरोपीय न्यायालयाने २००३ च्या लिबर्टेल प्रकरणात तत्त्वतः तसेच म्हटले, परंतु रंग इतर व्यापाऱ्यांनाही उपलब्ध राहिले पाहिजेत या लोकहिताकडे लक्ष वेधले. भारताच्या १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमात ‘रंगांचा संयोग’ हा चिन्हाच्या व्याख्येत स्पष्टपणे समाविष्ट आहे. याच अधिनियमाने सेवांची चिन्हे प्रथम नोंदणीयोग्य ठरविली. १९५८ च्या कायद्याचा रोख वस्तूंवर होता. त्यामुळे मालमत्तेची दलाली व व्यवस्थापन छत्तिसाव्या वर्गात आणि बांधकाम सदतिसाव्या वर्गात नोंदविता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ साली कोलगेट विरुद्ध अँकर या प्रकरणात दंतमंजनाच्या डब्यावरील तांबड्या-पांढऱ्या रंगयोजनेस संरक्षण दिले, त्यावरून रंगसंयोगाचे महत्त्व कळून येते. तथापि कलम १० मधील एक तरतूद व्यावसायिकांच्या नजरेतून अनेकदा सुटते. रंगाची मर्यादा न घालता नोंदविलेले चिन्ह सर्व रंगांसाठी नोंदले आहे असे मानले जाते. ज्याचा आकार व अक्षरयोजना भक्कम आहे त्याने चिन्ह काळ्या-पांढऱ्यात नोंदविणे म्हणून अधिक व्यापक ठरते. रीमॅक्ससारखी ज्याची सर्व ओळख पट्ट्यांच्या रंगक्रमात आहे त्यास मात्र रंग सांगूनच नोंदणी करावी लागते. चिन्ह काळ्या-पांढऱ्यात उभे राहते की नाही, हे पाहणे कायद्याइतकेच व्यवहारातही उपयोगी आहे. करारनाम्याच्या छायाप्रतीवर सोने नसते.

हिरव्या रंगाचा प्रश्न यापुढचा आणि अधिक नाजूक. नदीकाठचा, टेकडी फोडून उभारलेला किंवा झाडे तोडून मोकळ्या केलेल्या जमिनीवरील प्रकल्पही पानाचे चिन्ह व हिरवी पुस्तिका घेऊन येऊ शकतो. पर्यावरणविषयक दिशाभूल रोखण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत दिशाभूल करणारे शब्द, चिन्हे व प्रतिमा यांचा समावेश आहे. परंतु फसवणूक न करणारी सर्वसाधारण रंगयोजना त्यांतून वगळली आहे. ही सूट योग्यच म्हटली पाहिजे, कारण हिरव्या रंगाला पुरावा मागता येत नाही. तथापि त्याच हिरव्या पानावर ‘निसर्गाच्या कुशीत’ असे शब्द आणि प्रत्यक्षात नसलेल्या वनराईचे चित्र आले की एकत्रित परिणाम कोणता, याचा निर्णय करावा लागतो. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमातील कलम १२ प्रमाणे जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्या ग्राहकास भरपाई मागता येते. विधानास उत्तर द्यावे लागते, रंगास द्यावे लागत नाही. म्हणूनच जे शब्दांत लिहिणे धोक्याचे ते रंगातून सुचविण्याचा मोह विक्रेत्यास होतो. अभ्यासकाने पुस्तिका पाहताना प्रथम रंग बाजूस ठेवून नुसते शब्द वाचावेत, आणि मग शब्द झाकून नुसते रंग पाहावेत. दोहोंत जी तफावत दिसेल ती संशोधनास योग्य सामग्री होय.

त्याच अधिनियमाच्या कलम ११ नुसार प्रकल्पाच्या जाहिरातीत प्राधिकरणाचे संकेतस्थळ व नोंदणी क्रमांक ठळकपणे देणे बंधनकारक आहे, आणि महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही छापावा लागतो. मोबाइलने तो वाचला की मंजुऱ्या, ताब्याची घोषित तारीख आणि विकासकाने भरलेली माहिती ग्राहकासमोर येते. मोबाइलच्या कॅमेऱ्यास हा चौकोन वाचता येतो तो गडद व फिकट भागांच्या भेदामुळे. तो फिकट पार्श्वभूमीवर गडद रंगात छापला तर बिनचूक वाचला जातो. संस्थेच्या रंगात रंगवून टाकण्याच्या हौसेने तो पांढऱ्यावर सोनेरी किंवा गडद हिरव्यावर काळा छापला, तर अनेक मोबाइलना तो वाचताच येत नाही. रंगसंगतीच्या नियमपुस्तिकेत या चौकोनासाठी आणि नोंदणी क्रमांकासाठी काळ्या-पांढऱ्याची जागा आधीच राखून ठेवावी लागते, आणि संस्थेचे रंग उरलेल्या जागेत बसवावे लागतात.